छताचे पोपडे आणि तीन वर्षांचे हप्ते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर चाळीसेक वर्षांचं आहे. झोपायच्या खोलीच्या छताचा रंग पोपडे धरून गळतो, दोनदा रंगवूनही पुन्हा तेच. कंत्राटदार म्हणतो, खाली फॉल्स सीलिंग करून टाका, दिसायलाच नको. त्यासाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज घ्यावं की अडीअडचणीसाठीची ठेव मोडावी? ठेव चार महिन्यांच्या खर्चाएवढी आहे आणि घरात दोन वर्षांचं मूल आहे.

आत्ता दोन्ही नको. पैसे कुठून आणायचे हे ठरवताय, पण ते कशावर खर्च करायचे हेच अजून कळलेलं नाही.

१४ टक्क्यांनी ३६ हप्ते म्हणजे शंभर घेऊन सुमारे १२३ फेडायचे. तेही दोष झाकण्यासाठी. वरून पाणी झिरपत असेल तर ते झिरपतच राहणार. स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. फॉल्स सीलिंगच्या आड ते कोणाला दिसणारही नाही. माझ्या मते तुमच्यासमोरचा सगळ्यात महाग पर्याय हाच.

आधी एक पोपडा उलटून बघा. मागे पांढरी भुकटी असेल तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर कितीही भारी रंग दिला तरी तो धरत नाही. तो थर पूर्ण काढून, प्रायमर मारून रंगवावं लागतं. यात मजुरी जास्त, सामान कमी. तपकिरी डाग किंवा क्षार दिसले तर पाण्याचा संशय धरा. छताला प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. छताकडच्या बाजूला ओल आली तर ती स्लॅबमधली. खोलीकडच्या बाजूला आली तर कोंदट हवेची, मग खर्च फार तर एका एक्झॉस्ट पंख्याचा. शेवटी काठीने ठोकून बघा. पोकळ वाजलं तर त्याखालचा पलंग आजच हलवा.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नका. घराच्या रंगात शिसं नको म्हणून आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्येच झाला होता, तरी असे रंग पुढे कित्येक दशकं विकले गेले. शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक. तेव्हा जुन्या थराची तपासणी करून घ्या. तोवर कोरडं घासू देऊ नका, पडलेले पोपडे ओल्या फडक्याने उचला आणि मूल दुसऱ्या खोलीत झोपवा.

आता आकडेमोड. एकदा रंगवायचा खर्च १ धरा. दर दोन वर्षांनी रंगवलं तर आठ वर्षांत ४. गळती काढायला २ लागले आणि वर एकदा रंगवलं, तर ३. म्हणजे दुरुस्ती ३ च्या आत बसते तोवर ती स्वस्तच. घर लवकरच विकणार असाल तर हे गणित बदलेल, पण ओल लपवून विका असं मी सांगणार नाही.

तपासण्या महिन्याच्या पगारातून भागवा. छत नुसतंच पोपडे धरत असेल तर पाच-सहा महिने रक्कम बाजूला टाकून काम काढा. गिलावा पोकळ निघाला तर थांबू नका. ठेवीतून एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम घ्या आणि उरलेल्यापुरतंच एका वर्षाचं कर्ज काढा; त्याच दराने शंभराचे सुमारे १०८ होतात. गळती वरच्या घरातून निघाली तर खर्चाची बोलणी कामाआधी आणि लेखी करा, फोटो काढून ठेवा. कंत्राटदाराकडून गळती, गिलावा आणि रंग यांचे अंदाज वेगवेगळे मागा; एकत्र आकडा दिला तर दुसऱ्या कंत्राटदाराला विचारा.