उत्सेचक, वितंचक, प्रकिण्व की विकर?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आजींनी विचारले आहे की, गुजराती माध्यमात शिकणाऱ्या त्यांच्या नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'उत्सेचक' असा शब्द आहे, पुण्याच्या भाच्याच्या मराठी पुस्तकात त्याच जागी 'विकर' आहे, त्यांच्या स्वतःच्या जुन्या वहीत 'वितंचक' लिहिलेले आहे आणि इंदूरची बहीण 'प्रकिण्व' म्हणते. तर यांतील शुद्ध कोणता? 'चयापचय' म्हणजे पचनच ना, असेही त्यांनी जाता जाता विचारले आहे.

चारही शब्द 'एंझाइम'चे, म्हणजे सजीवांतील रासायनिक बदल घडवून आणणाऱ्या द्रव्याचे, प्रतिशब्द आहेत आणि चारही शुद्ध आहेत. फरक आहे तो शब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होते याचा. मूळ 'एंझाइम' हा शब्द विल्हेल्म क्यूने या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात योजला आणि त्याचा ग्रीक अर्थ 'यीस्टमध्ये असलेले' असा होतो. यीस्टसारखा जिवंत आंबवणारा जीव वेगळा आणि जठररसातील पेप्सिनसारखे, स्वतः जिवंत नसूनही काम करणारे द्रव्य वेगळे, हा भेद त्यांना नावातच दाखवायचा होता. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, पेशी फोडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले आणि १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले.

'प्रकिण्व' या शब्दाची वाट याच भट्टीतून जाते. संस्कृतात 'किण्व' म्हणजे मद्य बनवताना घालायचे आंबवण. किण्वादी द्रव्यांतून जशी मादकता उपजते तसे पृथ्वी, जल आदी महाभूतांतून चैतन्य उपजते, हा चार्वाकांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. 'उत्सेचक' शब्द 'सिच्' धातूवरून आला आहे, म्हणजे सिंचन आणि अभिषेक यांचा तो सख्खा नातलग. परंतु 'उत्सेक' याचा अर्थ फेसाळून वर येणे, ओसंडणे असाही होतो आणि ढोकळ्याच्या पिठाला 'आथो' आलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे नाव परके वाटू नये, असे मला वाटते. (संस्कृतात 'उत्सेक' म्हणजे गर्वही होतो. फुगण्याचे तत्त्व एकच!)

'वितंचक' मात्र थेट स्वयंपाकघरातले आहे. 'तञ्च्' म्हणजे आकसणे, गोठणे. 'आतञ्चन' म्हणजे दूध गोठवण्यासाठी घालायचे द्रव्य, आपले विरजण, शेजारच्या गुजराती घरातले 'मेळवण'. शब्द सुंदर आहे यात वाद नाही, पण खरी अडचण इथेच आहे. विरजणात जिवंत जीवाणू असतात. ते दुधातील लॅक्टोज या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दूध घट्ट होते. जीवाणूंच्या पेशीत हे काम एंझाइमेच करतात हे खरे, पण ती विरजणाच्या आत असतात, विरजण म्हणजे ती नव्हेत. म्हणजे क्यूने यांना जो भेद दाखवायचा होता, नेमका तोच या दृष्टान्तात पुसला जातो. चीज करताना परंपरेने वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात, त्यातील कायमोसिन या एका एंझाइमाला 'वितंचक' हे नाव शब्दशः लागू पडते. लाळेतील अमायलेज हे स्टार्च मोडणारे एंझाइम मात्र काहीच गोठवत नाही.

'विकर' हा एकटाच शब्द भांड्याबाहेर पडलेला आहे. वि + कृ, म्हणजे बदल घडवणारे. आणि बदल घडवून स्वतः जसेच्या तसे उरणारे, त्यामुळे पुन्हा पुन्हा कामाला येणारे, हे तर त्याचे शास्त्रीय लक्षणच आहे. तो 'विकार' या शब्दाच्या फार जवळ जातो आणि 'पोटातील विकरे' असे ऐकल्यावर कुणीही औषधाची आठवण काढील, हा दोष मान्य केला तरी मराठीत लिहिताना मी 'विकर' हाच शब्द वापरतो (नपुंसकलिंगी: ते विकर, ती विकरे). नातीने मात्र परीक्षेत 'उत्सेचक' असेच लिहावे.

आता 'चयापचय', म्हणजे इंग्रजीतले 'मेटाबोलिझम'. चय म्हणजे रचणे, साठवणे. अपचय म्हणजे मोडणे. दोन्हींचा संधी चयापचय. धातू 'चि' आहे, संचयातला. पचनातला 'पच्' धातू वेगळा. 'पचय' असा तुकडा या शब्दात नाहीच, तो केवळ कानाला भासतो. गुजरातीतही हाच शब्द आहे. हिंदीत चय ऐवजी 'उपचय' घेऊन 'उपापचय' करतात. अर्थही भिन्न आहेत. पोळीतील स्टार्चचे तुकडे लाळेतील व आतड्यातील विकरे करतात, ते पचन. त्यातून मिळालेले ग्लुकोज पेशीत शिरल्यावर ओळीने दहा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला वेगळे विकर लागून, पायरुव्हेट या लहान रेणूपर्यंत मोडते, तो अपचय. आणि तेच ग्लुकोज यकृतात ग्लायकोजेन म्हणून रचून ठेवले जाते, तो चय. तेव्हा 'चयापचय बिघडल्यामुळे जेवण पचले नाही' असे लिहिण्याऐवजी 'अपचन झाले' असे लिहावे.