वाचकांचे प्रश्न : एकाच टाकीत खेकडे आणि झिंगे

प्रश्न : माझ्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तिचा अर्धा भाग जमीन आणि अर्धा भाग पाणी, असे पॅलुडेरियम करून त्यात छोटे खेकडे व चेरी श्रिंप हे गोड्या पाण्यातले बारीक झिंगे एकत्र ठेवण्याचा विचार आहे. कोणी सांगते की खेकडे एका रात्रीत सगळे झिंगे संपवतील, तर कोणी म्हणते की काहीच होत नाही. दुकानदार रेड क्लॉ जातीचे खेकडे देऊ करतो आहे. घरी बोअरचे पाणी असते आणि उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. हे जमेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जमेल, मात्र रेड क्लॉ घेऊ नये. तो खारफुटीच्या प्रदेशातला खेकडा असून त्याला निमखारे पाणी लागते. गोड्या पाण्यात तो काही काळ तग धरतो, एवढ्यावरून तो गोड्या पाण्याचा ठरत नाही. शिवाय तो पाण्यात बराच वेळ घालवतो आणि हाती लागेल ते खातो. आपल्या ओढ्यांच्या व विहिरींच्या काठी सापडणारा काळपट खेकडाही या कामाचा नाही, कारण तो मोठा होतो, बिळे खणतो, लावलेली झाडे उपटतो आणि झिंग्यांना शिल्लक ठेवत नाही.

आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या खेकड्यांबाबत खरी असू शकतात. म्हणून खेकडा निवडताना तो स्वभावाने गरीब आहे का, यापेक्षा तो पाण्यात किती वेळ असतो हे आधी विचारावे. या कसोटीवर मला व्हँपायर क्रॅब सर्वांत योग्य वाटतो. त्याच्या बाजारात दिसणाऱ्या दोन जाती जावा बेटावरच्या असून त्यांना शास्त्रीय नावे २०१५ मध्ये मिळाली, जरी हौशी लोक त्या आधीपासून पाळत होते. पाठ जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असते, दिवसाचा बहुतेक वेळ ओलसर जमिनीवर जातो आणि मादीच्या पोटाखालच्या अंड्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात, त्यामुळे समुद्राच्या पाण्याची गरज पडत नाही. त्यांचे मूळ क्षेत्र लहान आहे, म्हणून टाकीतच जन्मलेले खेकडे आग्रहाने मागावेत. दुसरा पर्याय थाई मायक्रो क्रॅबचा आहे. थायलंडमधला हा जेमतेम एक सेंटिमीटरचा खेकडा झिंग्यांच्या वाटेला जात नाही, परंतु तो पूर्णपणे पाण्यातच राहतो; तो घ्यायचा असेल तर जमीन करण्याचा खटाटोप कशासाठी?

आता टाकीच्या रचनेकडे वळू, कारण झिंग्यांचे जगणे तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या टाकीत एकूण सुमारे ८१ लिटर पाणी मावते. पण अर्धी जागा मातीने भरून उरलेल्या भागात १५ सेंटिमीटर पाणी ठेवले, तर ते साडेतेरा लिटरच होते. एवढे थोडे पाणी दुपारी झपाट्याने तापते, लवकर खराब होते आणि त्यात झिंग्यांना दडायला जागाही उरत नाही. त्याऐवजी शेतातल्या मचाणासारखी जमीन पाण्याच्या वर उभारावी. पीव्हीसी पाइपचे पाय, त्यांवर प्लास्टिकची जाळी, जाळीवर खडी आणि चांगले धुतलेले कोकोपीट असे केल्यास पाणी टाकीच्या पूर्ण तळावर पसरते आणि तेवढ्याच उंचीला सुमारे २७ लिटर मावते. मचाणाखालचा भाग समोरून सुमारे आठ मिलिमीटर भोकांच्या प्लास्टिक जाळीने बंद करावा, म्हणजे झिंगे आरपार जातील आणि मोठे खेकडे अडतील. आत जावा मॉस हे पाण्यात वाढणारे शेवाळ भरपूर भरावे. खेकड्यांना पाण्यातून वर येण्यासाठी लाकडाचा उतार हवाच, कारण चढायला आधार मिळाला नाही तर हे जमिनीवरचे खेकडे बुडून मरू शकतात. शेतातली काळी माती वापरू नये. तिचा चिखल होतो आणि तिच्यात खते-औषधांचे अंश असू शकतात.

निरोगी झिंगा पाठीमागे झटका देऊन सहसा निसटतो. सापडतो तो म्हातारा, आजारी किंवा नुकतीच कात टाकून मऊ पडलेला. म्हणून झिंग्यांचा हिशेब एकेकट्याचा न ठेवता वस्तीचा ठेवावा. चेरी श्रिंपची मादी साधारण वीस-तीस अंडी तीन-चार आठवडे पोटाखाली बाळगते आणि पिल्ले गोड्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे जमलेली वस्ती अधूनमधून होणारी हानी भरून काढते. याच कारणाने अमानो श्रिंप येथे नकोत. त्यांच्या पिल्लांना सुरुवातीला खारे पाणी लागते. टाकीतले पाणी महिना-दीड महिना मुरू द्यावे, मग वीस-पंचवीस झिंगे सोडावेत, मॉसमध्ये त्यांची बारीक पिल्ले दिसू लागेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच एक नर व दोन-तीन माद्या खेकडे आणावेत. खेकड्यांना संध्याकाळी सुकवलेले किडे किंवा माशांचे खाद्य जमिनीवरच द्यावे. पोट भरलेला खेकडा पाण्यात कमी उतरतो.

हे सगळे नीट केले तरी मराठवाड्यात झिंग्यांची खरी परीक्षा मे महिन्यात होते. चेरी श्रिंपला २८ अंशांपर्यंतचे पाणी मानवते. त्यापुढे ते थकतात, प्रजनन मंदावते आणि पाण्यातला प्राणवायूही घटतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. पाणी थंड करण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे झाकण काढून पंखा लावणे. आपली हवा कोरडी असल्याने तो येथे उत्तम चालतो. पण तीच कोरडी हवा खेकड्यांच्या मुळावर येते, कारण त्यांचे कल्ले ओले राहिले तरच त्यांना श्वास घेता येतो आणि पेटीतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देता येत नाही. झिंग्यांना उघडे झाकण हवे आणि खेकड्यांना बंद, असा हा पेच आहे. माझ्या मते तो पेटीत न सोडवता खोलीत सोडवावा. टाकी घरातल्या सर्वांत थंड, उत्तरेकडच्या भिंतीशी ठेवावी, खोलीत वाळ्याचा किंवा साधा कूलर चालवावा, झाकणाचा थोडा भाग बारीक जाळीचा करावा आणि दुपारी दिवे बंद ठेवावेत. कूलरमुळे खोलीचे तापमान उतरते आणि हवा ओलसर होते, म्हणजे दोघांचेही भागते. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर असू द्यावा. नळी व वायर जिथून आत येतात ती फट स्पंजने बुजवावी. खेकडे नेमके तिथूनच पळतात.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते आरओच्या पाण्यात मिसळून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) १५० ते ३०० च्या दरम्यान आणावे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र निव्वळ आरओच्या पाण्यानेच भरावी, कारण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, शिवाय प्रत्येक खेपेचे पाणी एकाच ठिकाणचे असेलच असे नाही. ते दिवसभर उघड्या बादलीत हवेचे बुडबुडे सोडून ठेवावे आणि थोडे थोडेच घालावे.

प्रश्न : आमची मोसंबीची बाग आहे. माझ्या टाकीतले दहा-बारा झिंगे एका दिवसात मेले. अंगे अखंड होती. हे खेकड्यांचे काम असेल का?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : खेकड्याने मारलेला झिंगा अखंड राहत नाही, बहुधा सापडतच नाही. एकाच दिवशी इतके झिंगे पडले असतील तर विषाचा संशय आधी घ्यावा. मोसंबीच्या खोडांना लावायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते आणि त्यातले तांबे झिंग्यांना अगदी अल्प मात्रेतही घातक ठरते. बागेत वापरलेली बादली, मग किंवा नळी टाकीसाठी कधीही वापरू नये. डासांच्या लिक्विडमधली आणि बऱ्याच फवारणीच्या औषधांतली पायरेथ्रॉइड गटाची रसायने झिंगे व खेकडे दोघांनाही मारतात. ज्या खोलीत टाकी आहे तिथे लिक्विड वा अगरबत्ती लावू नये, मच्छरदाणी वापरावी, आणि गल्लीत धुरळणी होईल तेव्हा एअर पंप बंद करून टाकी झाकावी. फवारणीनंतर आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नये. खाद्य म्हणून पालक किंवा देशी बदामाची वाळलेली पाने घालायची असतील तर फवारा न पडलेल्या झाडांचीच घ्यावीत. तूर्त निम्मे पाणी बदलावे आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा.

प्रश्न : एक खेकडा तीन दिवस बाहेर आला नाही आणि आज त्याच्या बिळाशी पोकळ अंग दिसले. तो मेला का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : अंग पोकळ, हलके आणि पाठीमागे फाटलेले असेल, दुर्गंधी नसेल, तर ती कात आहे. खेकडा जवळच मऊ अवस्थेत दडलेला असणार. त्याला शोधण्यासाठी माती उकरू नये. कातही काढून टाकू नये, कारण नव्या कवचाला लागणारे कॅल्शियम मिळवण्यासाठी तो ती स्वतःच खातो.