“माह्याही डोक्यात गणित नव्हतं, मॅडम”

नववीतल्या मुलाला घेऊन आई-वडील माझ्याकडे समुपदेशनाला आले तेव्हा तुरीची सोंगणी सुरू होती. वडील कामाचा खाडा करून आले होते आणि त्यांना साध्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. “याले गणित सोडता येते का? माह्या साळ्याच्या पोरानं सामान्य गणित घेतलं होतं, तो निघून गेला.”

सामान्य गणिताचा तो पर्याय बोर्डाने बंद केला, हे मी सांगितलं. आता दहावीला बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४० गुणांची, शाळेकडचे २० गुण, आणि पास व्हायला १०० पैकी ३५. ते ऐकून वडिलांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे रे. तुह्या डोक्यात गणित नाही. माह्याही नव्हतं, तुह्या आज्याच्याही नव्हतं.”

हे ते प्रेमाने बोलत होते. मारझोड करणारे वडील मी पुष्कळ पाहिले आहेत, हे तसले नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात दर आठवड्याला किमान एक पालक हीच काळजी घेऊन येतो, आणि बहुतेकांचं हेच वाक्य असतं. पोराला त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण नाक जसं बापावर गेलं, तसंच गणितही गेलं, हेही त्याच्या मनात पक्कं बसतं. मग नाकावर मेहनत कोण करतो?

माझीही चूक सांगते. पहिल्या भेटीत मी आम्हा समुपदेशकांचा ठरलेला डाव टाकला. वेचणीचा दर किलोमागे आठ रुपये, एका बाईने ३७ किलो कापूस वेचला, तर चुकारा किती? “दोनशे शहाण्णव,” पोरगा पापणी न हलवता म्हणाला. मी वडिलांकडे विजयी नजरेने पाहिलं, म्हटलं, “बघा, याला गणित येतं!” वडील खूश झाले, आई हसली. पोरगा मात्र खाली मान घालून म्हणाला, “ते गणित नाही, मॅडम. ते हिसाब हाय.”

महिन्याभराने घटक चाचणीत त्याला २० पैकी ३ गुण मिळाले. बरोबरच होतं त्याचं. कापसाचा हिशेब येतो म्हणून बीजगणित येत नाही. खेड्यातल्या मुलांच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक करून त्यांना घरी पाठवणं हीसुद्धा एक पळवाटच आहे. वडिलांचा दिलासा आणि माझा दिलासा, दोन्ही एकाच मापाचे निघाले.

दुसऱ्या वेळी मी कौतुक बाजूला ठेवलं. मुलाला घड्याळ कळतं का, सुटे पैसे मोजता येतात का, कुठला आकडा मोठा ते पटकन सांगतो का, एवढं आधी पाहून घेतलं. तिथे अडचण दिसली असती, तर तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. मग चाचणीचा पेपर समोर ठेवला आणि म्हटलं, “सोडव, पण मोठ्याने बोलत.”

गणित होतं: एक्स + ५ = -३. त्याने पाच बरोबर पलीकडे नेले. लिहिलं: एक्स = -३ - ५. इथपर्यंत सगळं चोख. पुढे पेन न थांबवता लिहिलं, ८.

“आठ कसे?”

“मायनस मायनस प्लस होते ना.”

पेपरातली आठ उत्तरं चुकली होती. त्यातली सहा याच एका ओळीने चुकवली होती. उरलेल्या दोनांत त्याने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश केलं होतं, वरचं वरच्यात आणि खालचं खालच्यात मिळवून. म्हणजे पोरगा अंदाजपंचे काही करत नव्हता. तो नियम पाळत होता, दरवेळी, न चुकता. नियम गुणाकाराचा होता आणि तो बेरजेला लावत होता.

त्यांच्या शेतात विहीर आहे. मी म्हटलं, “पाणी काठापासून तीन हात खाली आहे. पुढे फागणात आणखी पाच हात उतरलं. आता कुठे?”

“आठ हात खाली.”

“तू लिहिलंस अधिक आठ. म्हणजे?”

तो कागदाकडे पाहत राहिला. मग एकदम हसला. “म्हणजे पाणी काठाच्या वर आठ हात! धुऱ्यावरून वावरात!”

‘मायनस मायनस प्लस’ खोटं नाही, हेही त्याला तिथेच दाखवावं लागलं. पाणी दर महिन्याला दोन हात उतरतं; मग तीन महिन्यांपूर्वी ते आजच्यापेक्षा कुठे होतं? सहा हात वर. उणे दोन गुणिले उणे तीन, अधिक सहा. बेरजेचा आणि गुणाकाराचा असे दोन वेगळे नियम आपल्याकडच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ.स. ६२८ मध्येच मांडले आहेत, ‘धन’ आणि ‘ऋण’ या शब्दांत. ऋण म्हणजे कर्ज. कर्जावर कर्ज काढून माणूस सावकार होत नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण वर्गात सगळे ‘मायनस’ म्हणतात आणि तो अर्थ हरवतो. युरोपातल्या काही गणितज्ञांना तर अठराव्या शतकापर्यंत या ऋण संख्या पटत नव्हत्या. हे ऐकून पोरगा जरा सैल होऊन बसला.

काम सहावी-सातवीच्या पुस्तकांतून करायचं ठरलं. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण त्याला लाज वाटत होती. धाकटी बहीण सहावीत होती. मग तिला शिकवायच्या निमित्ताने रोज वीस मिनिटं, असा तोडगा निघाला. वडिलांना एकच पथ्य सांगितलं, ‘डोक्यात नाही’ हे वाक्य घरात बंद.

आई चौथी शिकलेली. “मले काई समजत नाही जी, मी काय पाहू?” मी म्हटलं, गणित पाहूच नका. तो सोडवताना ‘हे कसं केलं?’ एवढंच विचारा. नीट सांगितलं तर पुढे जा. ‘असंच असते’ म्हणाला की तिथे शिसपेन्सिलीने टिंब द्या.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली. पहिल्या पानांवर टिंबांची रांग होती, पुढे विरळ होत गेली होती. चाचणीत ९ आले होते. २० पैकी ९ म्हणजे काही पेढे वाटण्यासारखं नाही, पण अपूर्णांक अजून सुरूच होते. शेवटच्या पानावर एक टिंब दिसलं. उदाहरण तपासलं तर उत्तर बरोबर होतं, सगळ्या पायऱ्याही बरोबर.

“हे तर बरोबर आहे हो.”

“असन जी,” ती म्हणाली. “पण सांगता नाही आलं त्याले.”

पोरगा कान खाजवत होता. ते उदाहरण त्याने गाईडमधून उतरवलं होतं.