कँडिन्स्कीच्या 'बागे'त बाग आहे कुठे?

तुम्ही विचारलंय, की रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्कीच्या १९१२ सालच्या 'इम्प्रोव्हिजेशन २७ (गार्डन ऑफ लव्ह २)' या चित्रात बाग दिसत नाही, मग नाव असं का. आणि रंग असे सांडल्यासारखे का.

बाग आहे. मलाही बरेच महिने दिसली नव्हती. चित्राची प्रिंट टेबलासमोर चिकटवलेली होती आणि माझ्या लेखी ती म्हणजे एक पिवळा डाग नि काळ्या रेघोट्या. एका दुपारी त्या पिवळ्याच्या आसपास एकमेकांना बिलगलेली जोडी दिसली. मग दुसरी, तिसरी. पिवळा गोळा म्हणजे सूर्य, काळी नागमोडी रेघ म्हणजे साप. थोडक्यात, बायबलातली आदम-इव्हची एदेनची बाग.

पण गंमत अशी, की हे कळल्यावर काही दिवस मला चित्र कमीच दिसायला लागलं. नजर सारखी जोड्याच मोजायची.

खरा खेळ रंगाचा आहे. शाळेत रंग रेघेबाहेर गेला की बाई ओरडायच्या. इथे रेघेचं आणि रंगाचं जणू बोलणंच बंद आहे. रेघ आकार सुचवून मध्येच सोडून देते, रंग तिला न जुमानता पसरतो. आहेत तैलरंग, पण कडा ओल्या कागदावर जलरंग फुटावा तशा. लांबचं लहान, जवळचं मोठं हा हिशेबही नाही. पिवळा बघणाऱ्याच्या अंगावर येतो आणि निळा आत ओढून नेतो, असं कँडिन्स्कीने स्वतःच लिहून ठेवलंय. चित्राला खोली येते ती त्यातून.

हे एकदम घडलेलं नाही. कँडिन्स्कीची तेव्हाची जोडीदार, चित्रकार गाब्रिएले म्युंटर हिने १९०९ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या मुर्नाऊ गावात घर घेतलं. तिथल्या बागेची कँडिन्स्कीने १९१० साली केलेली चित्रं आधी बघा. रंग भडक झालेत, पण बाग अजून बागच आहे. दोन वर्षांत ती ओळख पुसट होत गेली.

१९१३ च्या न्यूयॉर्कमधल्या 'आर्मरी शो' या आधुनिक कलेच्या प्रदर्शनात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने हे चित्र ५०० डॉलरला घेतलं. आता ते तिथल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आकार साधारण १२० बाय १४० सेंटिमीटर, त्यामुळे मोबाइलवर बघून निकाल देऊ नका. निदान मोठ्या स्क्रीनवर उघडा, आणि सुरुवातीला जोड्या शोधू नका.