पोस्ट उडवली म्हणून पान बंद करू नकोस

प्रिय बाय,

तुझा मेसेज मिळाला. डोंगरकापणीचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवरून उडाला, त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हिला बाहेरून पैसे येतात' असा मजकूर फिरला आणि आता घरचेही म्हणताहेत, पुरे झाले. पान बंद करू का, असे तू विचारतेस. करू नकोस. का, ते नीट सांगायचे आहे म्हणून फोन न करता लिहितो आहे.

एकाने तुझे म्हणणे लोकांसमोरून काढून घेतले आणि दुसऱ्याने त्या रिकाम्या जागी भलतेच आणून ठेवले. ही जोडगोळी गोव्याला नवी नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथे छापायचा मजकूर आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. आणि सरकारी रेडिओ रोज सरकारचीच बाजू ऐकवायचा. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी त्यावर काय केले, हे तुमच्या पिढीला फारसे कोणी सांगत नाही. १९५५ च्या नोव्हेंबरपासून ते १९६१ च्या मुक्तीपर्यंत ते सीमेलगतच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते, पोर्तुगीज आणि कोकणीतून. सरकारी प्रचार ऐकायचा, त्यातले खोटे उघडे पाडायचे आणि घडलेले सांगायचे. सहा वर्षे हेच. त्यांच्या धाडसाबद्दल लोक बोलतात. मला त्यांची चिकाटी जास्त मोठी वाटते.

प्रचार म्हटला की तो वाईटच, असे मात्र समजू नकोस. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी शाळकरी पोर होतो. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे संघप्रदेश. आमच्याकडे 'गोमन्तक' यायचा, शेजारी 'राष्ट्रमत'. एक विलीनीकरणाचा, दुसरा कट्टर विरोधक, दोन्ही मराठीच. भाषा जहाल, टीका झोंबरी. आमच्या ओसरीवर दोन्ही अंक शेजारी शेजारी पडलेले असायचे आणि मोठी माणसे एकातले वाचून दुसऱ्यातल्यावर भांडायची. शेवटी १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी संघप्रदेशाचा कौल लागला. आमच्या घरची बाजू हरली, पण फसवले गेलो असे कोणी म्हणाले नाही. कारण अंकावर संपादकाचे नाव होते, छापखान्याचा पत्ता होता आणि आज लिहिले त्याला उद्या उत्तर देता येत होते. शिवाय दोन्हीकडच्यांना तोच मजकूर दिसत होता.

तुझ्याविरुद्ध फिरलेल्या मजकुराला यातले काहीच नाही. तो कोणी लिहिला ते कळत नाही. तुझ्या मावशीच्या ग्रुपवर एक पाठ, तरुणांच्या ग्रुपवर दुसरा. तुझे उत्तर त्या ग्रुपांपर्यंत पोचेलच असे नाही. आणि मला वाटते, गावाने तो खरा मानावा एवढीही लिहिणाऱ्याची अपेक्षा नसते. 'कोण जाणे, दोघेही खोटे असतील' असे म्हणून लोक गप्प बसले की त्याचे काम झाले. तू पान बंद केलेस तर तेही फुकटात झाले.

आता एक कडक गोष्ट. व्हिडिओ सरकारने काढायला लावला, असे तू मैत्रिणींना सांगते आहेस. तुझ्याकडे पुरावा आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली सरकार मजकूर रोखू शकते आणि २००९ च्या नियमांनुसार ती कारवाई गोपनीय ठेवली जाते. ही गुप्तता मला चीड आणते, कारण मजकूर का काढला हेच कळले नाही तर न्याय मागायचा कशावर? पण दहा-वीस जणांनी ठरवून रिपोर्ट केले तरी व्हिडिओ उडू शकतो. जे माहीत नाही ते छातीठोकपणे सांगायचे नाही. नाहीतर तुझ्यात आणि त्या ग्रुपवाल्यात फरक काय राहिला?

पुरावा कसा बघायचा ते मागच्या पावसातल्या एका क्लिपवर दाखवतो. 'काल रात्री म्हापशात दोन गटांत राडा' म्हणून ती आमच्या ग्रुपवर आली, 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' हा दुहेरी बाण घेऊन. आवाज बंद करून बघितली. त्या रात्री गोव्यात पाऊस कोसळत होता. क्लिपमधला रस्ता कोरडा ठणठणीत. कडेच्या स्कूटरची नंबरप्लेट जीएची नव्हती. दुकानाच्या पाटीची लिपीही आपल्याकडची नाही. मग आवाज लावून ऐकले, तर कोकणी-मराठीचा एक शब्द नाही. पाच मिनिटेही लागली नाहीत. एरवी भली असलेली माणसे तेवढीही थांबली नव्हती.

घरच्यांची भीती खोटी नाही. २०१४ मध्ये गोव्यातच फेसबुकवरच्या मजकुराबद्दल एका तरुणावर गुन्हा नोंदवला गेला, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारनेच ठरवायचे, ती सत्यशोधन कक्षाची तरतूद २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली. कोणीतरी नेटाने न्यायालयात गेले म्हणून हे झाले. तरी नाव लावून लिहायची हिंमत आज होत नसेल तर गावातल्या आणखी दोघांना घेऊन पान चालव. त्यात कमीपणा काही नाही.

व्हिडिओ काढल्याची सूचना आणि आलेल्या ईमेल जपून ठेव. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कर. उत्तर पटले नाही तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. ते चालू असताना त्या डोंगराच्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढ, जमिनीचा क्षेत्रबदल नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झाला का ते बघ आणि डोंगरकापणीला परवानगी होती का, हे माहिती हक्काच्या अर्जात विचार. अर्जाची पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस. नवी पोस्ट या कागदांवर लिही, चिडलेल्या वाक्यांवर नको. पैशांच्या आरोपाला एकदाच उत्तर दे: पान कसे चालते, खर्च कोण करते. पुन्हा त्या वादात पडू नकोस.

रविवारच्या ग्रामसभेत प्रश्न तोंडी विचार आणि लेखीही दे, इतिवृत्तात तो यायला हवा. पोस्टचा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव, लाल शाईने वाचून परत करतो.

तुझा,
काका