बीएमडब्ल्यू झेड फोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थांबताना झटका का देतो?
गाडी ७५,००० किलोमीटर चाललीये, सायनच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना झटका बसतो आणि हायवेला काहीच नाही, असं तुम्ही म्हणताय. मग गिअरबॉक्स उघडायची घाई नको, आधी ऑइल बघा.

२०१९ पासूनच्या झेड फोरमध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाचा जोर ऑइलमधून पुढे देणारा) गिअरबॉक्स आहे. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ हे अजिबात ऐकू नका. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा फार तर ८ वर्षांनी बदला म्हणते. मुंबईत दिवसभर रांगणाऱ्या गाडीचं मी त्याआधीच बदलेन.

याला डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल साधारण ४० अंशांवर असताना फिलर प्लगमधून (ऑइल भरायच्या भोकातून) लेव्हल बघतात. ट्रॅफिकमधून आलेली गाडी तशीच लिफ्टवर घेऊन लेव्हल लावली तर गरम ऑइल फुगलेलं असल्याने ते कमी पडतं आणि झटके वाढतात. म्हणून स्कॅनरवर तापमान बघणाऱ्यालाच काम द्या. फिल्टर ऑइल पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅन अख्खा बदलावा लागतो, खर्च धरून ठेवा.

नंतर अडॅप्टेशन रीसेट, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरने शिकलेल्या जुन्या सवयी पुसणं. तरीही झटका राहिला तर मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सचं युनिट) तपासा, पण ओव्हरहॉलला हो म्हणण्याआधी स्कॅनरवर दिसलेले फॉल्ट कोड मागून घ्या.