वाघाचा पंजा पुन्हा जोडण्याआधी

नागपूर, मे महिना

प्रिय बेटा,

आपल्या पार्कातल्या रोलर कोस्टरच्या बोगद्यात हवेच्या दाबावर हलणारा जो यांत्रिक वाघ आहे, त्याचा उजवा पंजा लोंबकळतोय, पंजा ढकलणाऱ्या सिलिंडरचा रॉड आट्यांपाशी तुटलाय, डोकंही अर्धंच वळतंय, नवा रॉड कधी मागवू, असं तू विचारलंस. आजच मागव. पण तो बसवायची घाई करू नको. आधी तुटलेले दोन्ही तुकडे भिंगाखाली धर. तोंडावर शिंपल्यासारख्या बारीक वळ्या दिसल्या, तर रॉड एका झटक्यात गेलेला नाही, हजारो फेऱ्यांत थोडाथोडा चिरत गेलाय. वळ्या जिथून पसरतात, त्या बाजूला वाकण्याचा ताण पडत होता. म्हणजे सिलिंडर आणि पंजा एका रेषेत नव्हते. सिलिंडरचं मागचं टोक पिनवर मोकळं फिरायला हवं आणि पुढे गोलाकार बेअरिंगचा रॉड एंड हवा. तिथे कुणी साधा नट वेल्ड करून ठेवला असेल, तर नवा रॉडही तसाच तुटेल. तुकडे एकमेकांना जुळवून बघू नको, घासून खुणा पुसल्या जातात.

आत शिरण्याआधी गाडी स्टेशनात लाव, गाडी चढावर ओढणाऱ्या चेनचा मेन स्विच बंद कर, त्यावर तुझं स्वतःचं कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याच खिशात ठेव. सोबत दुसरं कुणी असेल तर त्याचं वेगळं कुलूप. वीज गेली म्हणून वाघ निपचित झाला असं समजू नको. नळ्यांमध्ये ६ बार दाबाची हवा अडकलेली असते आणि ती सोडली की उचललेलं डोकं स्वतःच्या वजनाने खाली येतं. म्हणून आधी टेकू द्यायचा, मगच हवा सोडायची. हा क्रम उलटला की बोटं जातात.

डोकं अर्धंच वळतं, त्याचा शोध वेगळा घे. यासाठी हवा चालू लागेल. गाडीचं कुलूप तसंच राहू दे आणि सगळ्यांना वाघाच्या आवाक्याबाहेर उभं कर. सोलेनॉइड व्हॉल्व्हवरचं, म्हणजे विजेच्या कॉइलने हवा सोडणाऱ्या झडपेवरचं, हाताने दाबायचं बटण दाब. डोकं पूर्ण वळलं तर दोष विजेच्या बाजूला आहे. कनेक्टरवरचा दिवा लागतो म्हणून कॉइल ठीक धरू नको. दिवा फक्त व्होल्टेज पोचल्याचं सांगतो. वीज काढून कॉइल मल्टिमीटरने मोज. २४ व्होल्टची ३ ते ५ वॅटची कॉइल साधारण ११५ ते १९० ओहम दाखवते. आकडाच आला नाही तर ती आतून तुटली आहे. कॉइल चांगली निघाली तर मानेतून जाणारी वायर हलवत-हलवत कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का ते, बघ. सतत वाकणारी तार वेष्टणाच्या आत तुटते, वरून काहीच दिसत नाही.

बटण दाबूनही डोकं अडलं तर प्रेशर वाघापाशी मोज, तेही डोकं हलत असताना. कॉम्प्रेसरवर ६ बार दिसतात, पण फिल्टर तुंबलेला असला तर वाघापाशी ४ च उरतात. आतून ३२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर ६ बारला साधारण ४९ किलोचा जोर देतो, ४ बारला फक्त ३३. डोकं तेवढ्यात हलत नाही. मग सिलिंडर सोडवून डोकं हाताने फिरव. जड गेलं तर बुश, म्हणजे सांध्यातली नळी, बघ. बुशमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, छोटा वाटतो, पण ४० मिलिमीटरच्या लिव्हरवर अर्धा मिलिमीटर प्ले असला, तर ६०० मिलिमीटर लांब पंजाच्या टोकाला तो साडेसात मिलिमीटर होतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब धर. पारा ४५ च्या पुढे गेला की कॉम्प्रेसर तापलेली हवा ओढतो, हवेतली वाफ काढणाऱ्या ड्रायरला ती झेपत नाही आणि पाणी लाइनमध्ये उतरतं. टाकीचा ड्रेन रोज सकाळी उघड. व्हॉल्व्हमध्ये गंज दिसला तर हेच कारण. हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटर एकदा सुरू केलास तर बंद करू नको. तेलाने सिलिंडरचं मूळचं ग्रीस धुऊन निघतं, मग तेल थांबलं की सील कोरडे पडतात.

जोडणी झाली की वेग हवा आवळणाऱ्या थ्रॉटलने जमव, आणि तो बाहेर पडणाऱ्या हवेच्या बाजूने. आत येणाऱ्या हवेवर आवळलास तर पंजा झटके देतो. सिलिंडरच्या टोकाला धक्का जिरवणाऱ्या कुशनचे स्क्रू असे ठेव की शेवटचे दोन-अडीच सेंटिमीटर पंजा मऊ थांबेल. ठाण असा आवाज म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. वेल्डच्या कडांवर डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरेत शिरणारा रंग, मार. लाल द्रव १०–१५ मिनिटं ठेवून पूस, वर पांढरा डेव्हलपर फवार. चीर असेल तर लाल रेघ उमटते. चिरेवर नुसतं वेल्ड चढवू नको. दोन्ही टोकांना भोक पाडून चीर ग्राइंडरने पूर्ण काढ, मग भर.

कातडी सिलिकॉनची आहे, तिला सिलिकॉनशिवाय काहीच धरत नाही. एमसील, फेव्हिकॉल विसर. फाटलेल्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि आतून ताणणारं नायलॉनचं कापड लाव. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, तारांजवळ न्यूट्रल प्रकारचंच वापर. दोन भागांचं प्लॅटिनम सिलिकॉन घेतलं तर लेटेक्सचे हातमोजे घालू नको, त्यातल्या गंधकाने ते चिकटच राहतं. पट्टे रंगवायला चितार ओळीतला कारागीर जरूर बोलाव, तो हात आपल्याकडे नाही. पण रंग त्याला सिलिकॉनमध्ये कालवलेलाच दे.

आता सर्वांत महत्त्वाचं. या वेळी रॉड तुटला आणि पंजा मागच्या बाजूला लोंबकळला. तो रुळाकडे आला असता तर? सिलिंडर सोडव आणि पंजा हाताने जास्तीत जास्त पुढे ओढ. त्या स्थितीतही तो गाडीच्या मोकळ्या हद्दीबाहेरच, म्हणजे गाडीभोवती रिकाम्या ठेवायच्या जागेबाहेरच, राहिला पाहिजे. राहत नसेल तर फ्रेमवर लोखंडी स्टॉप बसव. लिमिट स्विच किंवा प्रोग्रॅमच्या भरवशावर हे सोडायचं नाही. प्रत्येक सुट्या होऊ शकणाऱ्या भागाला स्टीलच्या दोरीचा आखूड बंध, प्रत्येक नटावर आणि त्याच्या बैठकीवर मिळून रंगाची एक रेघ, म्हणजे नट सैल झाला की ती तुटलेली दिसेल. मग रिकाम्या गाडीवर त्या हद्दीच्या मापाची चौकट लावून ती विंचने सावकाश बोगद्यातून ओढून बघ. हत्यारं आत नेताना आणि बाहेर आणताना मोज.

गाडीविना ५०० फेऱ्या चालव, पुन्हा रेघा तपास. एकही सरकली असेल तर रविवारची गर्दी असली तरी वाघ चालू करायच्या कागदावर सही करू नको. फ्लोरिडात डिस्नेच्या पार्कात २००६ साली सुरू झालेल्या कोस्टरवरचा २५ फुटी यती (हिममानवाचा यांत्रिक पुतळा) हलायचा थांबला, तेव्हा तोही चमकत्या दिव्यांत स्थिर उभा ठेवला आणि गाड्या धावत राहिल्या. तुझ्या वाघाचा पंजा मागे घेऊन त्याला जागेवर अडकवणारी पार्किंग पिन लाव, डरकाळी आणि डोळ्यांचे दिवे चालू ठेव, आणि पिन लावल्याची नोंद लॉगबुकात तारखेसह लिही.

तुझा,
काका